बिशपची जेवणाची हाक

३ ऑक्टोबर
पोचलो एकदाचे! टाउन्सव्हिल शहराचा गजबजाट मागे टाकून मी आणि माझी बायको टेसा या नदीकाठच्या मासेमारी मुक्कामावर राखणदार म्हणून रुजू झालो. खोली ऐसपैस, दारात आंबा, त्यावर वटवाघळांचा कलकलाट. मालकीण नोरीननं जिताडा मासा तळून वाढला. टेसाला म्हणाली, "खा गं पोटभर, इथं वाळक्या बायका वाऱ्यानं उडतात." किती दिवसांनी टेसा खळखळून हसली.

५ ऑक्टोबर
काम मजेचं आहे. संध्याकाळी पाहुणे बिअर घेऊन धक्क्यावर जमतात. मी प्लास्टिकच्या बादलीवर वल्हं आपटतो, टक, टक, टक. मग पाण्यातून बिशप वर येतो. मगर कसली, ओंडकाच! मी माशांची मुंडकी फेकतो, पाहुणे किंचाळतात आणि टाळ्या वाजवतात. कायद्यानं मनाई आहे म्हणे. नोरीन म्हणते, कायदा शहरात राहतो, त्याला इथले डास सोसत नाहीत.
चिंबोऱ्या-खेकडे धरणारा अर्नी होडीतून जाताना ओरडला, "शहाण्या, हाकेला यायला शिकवतोयस खरा, पण ताटात काय वाढलंय ते तो विचारणार नाही हं!" मी त्याच्याकडे बघून ग्लास उंचावला.

१२ ऑक्टोबर
एक पाहुणा जाताना त्याची दोघांनी वल्हवायची छोटी होडी, कायाक, देऊन गेला. उद्या सुट्टी. टेसा म्हणते, त्या जनावराच्या नदीत प्लास्टिकच्या टीचभर तुकड्यावर बसायचं? नोरीननं तिला वेड्यात काढलं. आयतं मिळत असताना बिशप धक्का सोडून कशाला जाईल? मलाही ते पटलं. शेवटी टेसाला मीच गळ घातली.

१३ ऑक्टोबर, दुपार
आम्ही तिवराच्या झाडावर आहोत. वही डब्याच्या वॉटरप्रूफ पिशवीत होती म्हणून कोरडी राहिली. लिहितोय, कारण इथं बसून दुसरं काही करता येत नाही.
खाडीच्या फाट्यात मोठा जिताडा गळाला लागला. कायाकमध्ये तडफडायला लागला, म्हणून वल्ह्याच्या दांड्यानं हाणला, तो कायाकच्या प्लास्टिकवर आपटला. टक, टक, टक. तोच आवाज. माझ्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत मागचं पाणी फुगलं होतं.
त्यानं खालून धडक दिली. टेसाची पोटरी फाटली आहे. माझा शर्ट गच्च बांधलाय, तरी रक्त थांबत नाही. फोन पाण्यात गेला. कायाकचा दोर मुळांत गुंतून गाठ बसली आहे, ती खाली चिखलात पडली आहे. आता ओहोटी आहे. बिशप दिसत नाही.
संध्याकाळी अर्नी सापळे बघायला इथूनच जातो. तोवर टेसाला जागं ठेवायचं. देवा, एवढंच कर.

नंतर
भरती लागली. पाणी मुळांवर चढलंय. याहून वर आमचं दोघांचं वजन पेलेल अशी फांदी नाही. टेसाचे ओठ पांढरे पडलेत. मी माफी मागितली. म्हणाली, आधी घरी ने, मग माग.

कायाक तरंगायला लागली. लाटेसरशी खोडावर आपटतेय —
टक. टक. टक.

ओरडून घसा बसला. अर्नी नाही. आवाज थांबत नाही. पायानं ढकलून पाहिली, परत येते. मीच शिकवलं त्याला. मीच —

फाट्याच्या तोंडाशी दोन डोळे. घाई नाही त्याला. जेवायला बोलावलंय ना.

दोर कापायलाच हवा. मग ती वाहून जाईल, आवाज जाईल. सुरी आहे. पण गाठ पाण्याखाली गेली आहे. टेसा माझा दंड सोडत नाही. म्हणते, नको रे, नको, अर्नी येईल. दूर इंजिनासारखं काहीतरी वाजतंय — की माझ्याच कानात —
डोळे आता दिसत नाहीत.

जातो. दोनच फांद्या खाली. वही टेसाकडे देतो आणि —

थांब.

टकटक बंद झाली. दोर तर मी अजून कापलाच नाही. कायाक तिथंच आहे, पण हलत नाही. खालून कुणीतरी धरून ठेवल्यासार—