लिंबीच्या अंगावरचा शर्ट

पोर्ट सईद,
शम्म अल-नसीम, वसंताच्या सणाचा दिवस

प्रिय हातिम,

टोपलीत वर पाव आहे, तळाशी लिंबू-मिठात मुरवलेले शिंपले, आणि मधे फडक्यात गुंडाळलेलं हे पत्र. आधी खाऊन घे. पत्र वाचल्यावर घास उतरणार नाही. फोन करता आला असता, पण फोनवर तू जिंकतोस. "आई, आमच्या मालवाहू जहाजासोबत दोन युद्धनौका आहेत, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस," म्हणतोस, आणि मी मुकाट्याने तिथल्या हवेची चौकशी करते. शाळेत सिस्टर क्लेमेंतीन आम्हा मुलींना सांगायच्या, जे बोलताना तोंडातच अडकतं ते रेघा आखलेल्या कागदावर सरळ उतरतं. साठी उलटली तरी मी अजून आधी पेन्सिलीने रेघा आखते आणि नंतर खोडते. आज रेघा वाकड्या आल्या आहेत.

इथे सगळं तसंच आहे, फक्त कालवा रिकामा आहे. आपल्या गल्लीच्या टोकाशी जहाज असं सरकायचं की एखादी इमारतच चालू लागली आहे असं वाटे. आता मी कॉफी संपवते, भाजी निवडते, तरी त्या टोकाला नुसतं आभाळ. तुझा बयूमीमामा जन्मभर होडी जहाजांच्या अंगाला लावून, दोराला टोपली बांधून खलाशांना पितळी उंट विकत आला. आता ते उंट माझ्या पलंगाखाली धूळ खातायत. चहाच्या टपरीवर तरी त्याची जीभ चालूच असते. "दक्षिणेतल्या त्या पायात चपला घातलेल्या बंडखोर पोरांनी जहाजांवर माझ्या होडीहून स्वस्त ड्रोन सोडायचं, आणि या आरमारी साहेबांनी ते पाडायला राजवाड्याच्या किमतीचा बाण सोडायचा. सांगा, कोण आधी थकणार?" सगळे हसतात. खोटं कशाला सांगू, मीही हसले. गाझाची मुलं टीव्हीवर पाहून पाहून डोळे कोरडे झालेत. जगातल्या सगळ्यात मोठ्या आरमाराला तांबड्या समुद्रातली एक वाट उघडता येत नाही हे ऐकून कुठेतरी बरं वाटलं. त्या संध्याकाळी तुझा फोन आला, की तुमचं जहाज त्याच वाटेने जाणार आहे. त्यानंतर मामाच्या त्या बोलण्यावर मी हसलेले नाही.

तुझी आजी छप्पन सालच्या इंग्रज-फ्रेंच हल्ल्याच्या गोष्टी सांगायची ते आठवतं? छत्र्यांनी उतरलेले सैनिक, आकाशभर विमानं, समुद्रभर जहाजं. तेव्हाही सगळ्यांना वाटलं होतं, आता हे कायमचे राहणार. डिसेंबरात ते निघून गेले. लोक रस्त्यावर नाचले आणि आजीही नाचली. मग घरी आली तर स्वयंपाकघराला भिंत नव्हती, आणि त्या भिंतीपाशी बसून कांदे सोलणारी तिची धाकटी बहीणही नव्हती. आजी म्हणायची, "ते हरले हे खरं गं, पण हरून आपापल्या घरी गेले. आम्ही जिंकून कुठे जायचं?" लहानपणी मला हे रडगाणं वाटायचं. हल्ली भांडी घासताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहतं.

ऐमनला भेटून आले. व्यापारी जहाजांच्या अकादमीत तुझ्या शेजारच्या खाटेवर झोपायचा तो. त्याची आई दारातच म्हणाली, "सुहैरबाई, हाताकडे बघू नका, त्याला आवडत नाही." मी पाहिलं नाही. तोच आपणहून म्हणाला, "युद्धनौका होती ना, मावशी. डेकवरून दिसत होती. तिने आलेली जवळजवळ सगळी ड्रोन पाडली." मग डाव्या हाताने चहा ढवळत हळूच म्हणाला, "एक राहिलं." ते युद्धनौकेवाले खोटे नाहीत, हातिम, आणि भित्रेही नाहीत. पण त्यांना प्रत्येक वेळी जमलं पाहिजे आणि समोरच्याला एकदाच. हे एवढं साधं गणित त्यांच्याकडे कोणी मांडत नाही का?

आता कालची गोष्ट. दरवर्षीप्रमाणे पोरांनी लिंबी केला. गावाला छळणाऱ्या इंग्रज सेनापतीचं बाहुलं म्हणून सुरू झालेला हा जाळायचा खेळ. आता ज्या वर्षी ज्याचा राग, त्याचा लिंबी. या वर्षी आरमाराचा साहेब होता. पुठ्ठ्याची टोपी, बाटल्यांच्या झाकणांची पदकं. उम्म रअफत शेजारीण जुने कपडे मागायला आली. "काही पांढरं असेल तर दे गं, साहेब उघडा बरा दिसत नाही." मी माळ्यावरचं गाठोडं न सोडताच दिलं. संध्याकाळी सज्जात उभी राहिले तर साहेब दोन घरांमधल्या दोरावर, थेट माझ्यासमोर लटकत होता. खाली पोरांनी पेटवलं. वाऱ्याने त्याची मान फिरली, कॉलर उलटली, आणि आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याने भरलेलं तुझ्या नावाचं पहिलं अक्षर दिसलं. तुझा अकादमीतला पहिला शर्ट. ते अक्षर मीच भरलं होतं, सिस्टरांनी शिकवलेल्या टाक्याने.

मी जिना कशी उतरले माहीत नाही. "विझवा! माझा मुलगा आहे तो!" असं ओरडले म्हणे. गर्दीतला कोणी हसत म्हणाला, "काय हो सुहैरबाई, हातिम कधीपासून गोऱ्यांच्या आरमारात गेला?" उम्म रअफतने मात्र माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पाण्याची बादली सरळ बाहुल्यावर ओतली. पोरं चिडली. "सणाचा विचका केला!" केला खरा. उजवी बाही खांद्यापर्यंत जळली होती.

कॅप्टन म्हणालाय ना, की ज्याला पुढे यायचं नाही त्याने पोर्ट सईदला उतरावं, कोणी बोल लावणार नाही? तू म्हणतोस, बरोबरचे काय म्हणतील. म्हणू देत. आजवर तुझ्या कुठल्याच वाटेत मी आडवी आले नाही, आज येते. मामा टोपली वर पाठवून परत फिरणार नाही. रिकामी टोपली दोराने खाली आली तर तो ती घेणार नाही, तसं मी त्याच्याकडून वदवून घेतलंय. होडी शिडीखाली थांबेल. टोपली तिथेच राहू दे, तू खाली ये. तुझं जहाज जाताना निरोप म्हणून मी कठड्यावर लाल टेबलक्लॉथ टाकते, ते या वेळी टाकलेलं नाही. होडी बंदरात शिरली की आपल्या सज्जाकडे बघ. तिथे एका बाहीचा शर्ट वाळत असेल.

वाट पाहणारी,
तुझीच आई