मोरचूद न घातलेली खळ

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

या प्रयोगशाळेत माझ्या हातचं काय काय आहे, ते एकदा लिहूनच ठेवतो. परीक्षानळ्यांचे बावीस स्टँड — बाभळीचे, प्रत्येक भोक मोजून. सलाइनच्या बाटल्यांच्या पाणी-पिचकाऱ्या. फुटक्या काचनळ्या दिव्यावर तापवून ओढलेल्या सुईसारख्या बारीक नळ्या. आणि सेंद्रिय रसायनांच्या एकोणीस बाटल्यांवरची लेबलं — अक्षर माझं, चिकटवायची खळही मीच शिजवलेली.

ती लेबलं कसरीनं खाल्ली! दिवाळीपासून कपाट बंद होतं. आज उघडलं तर एकोणीस बाटल्या, बहुतेकांत पांढरी पूड, एकीलाही नाव नाही. झाडायला आलेल्या चांदबीमावशी म्हणाल्या, "तुमची खळ लई चवीची हुती जनू, अजिनाथभाऊ."

बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, मग कीड लागत नाही — मला ठाऊक होतं. मोरचूद हाताशी किलोभर. पण तो स्टॉक रजिस्टरवरचा. शाळेचा माल खळीला कसा वापरायचा, म्हणून घातला नाही.

११ जानेवारी

प्राचार्यांनी बोलावलं. सत्तावीस तारखेला बारावीचं प्रात्यक्षिक. तोवर नावं लागली नाहीत तर सगळ्या बाटल्या रिकाम्या करायच्या आणि माझ्या सेवापुस्तकात निष्काळजीपणाची नोंद. चोवीस वर्षांत त्या पुस्तकावर डाग नाही.

म्हणालो, नावं मी शोधतो. रसायन शिकवणाऱ्या रुपाली मॅडम हळूच म्हणाल्या, हे पदवीवाल्याचं काम आहे. खरंय. मी दहावी पास, प्रयोगशाळेचा परिचर. पण चोवीस वर्षं वर्गाच्या मागं उभा राहून ऐकतोय, आणि रद्दीतून आणलेली पुस्तकं तीन-तीनदा वाचलीत.

१३ जानेवारी

सात झाल्या! डांबरगोळीचं नॅप्थलीन झाकण काढताच कळलं. सॅलिसिलिक अ‍ॅसिड: फेरिक क्लोराइडचे दोन थेंब, जांभूळ पिळल्यासारखा रंग. ग्लुकोज चव न बघता ओळखलं — फेलिंगचं द्रावण तापवलं, विटकरी गाळ. युरिया ओळखायला शेवटी मोरचूदच लागला. कामाला लागला, पण उशिरा.

१४ जानेवारी

संक्रांत. बायकोनं तिळगूळ पुढं केला, माझा हात हुंगला, आणि तिळगूळ परत डब्यात ठेवला. "आधी साबण लावा."

१७ जानेवारी

आणखी दहा. एकूण सतरा.

२० जानेवारी

उरल्या दोन — आठ आणि पंधरा नंबर. तीन दिवस डोकं खाल्लं. बारीक नळीत भरून, थर्मामीटरला बांधून तेलात तापवल्या. दोन्ही एकशे बावीस अंशांना वितळतात! चार वेळा केलं. तेच.

रुपाली मॅडम म्हणाल्या, "दोन्ही बेंझॉइक अ‍ॅसिडच. ओता एका बाटलीत."

ओतलं नाही. दोन्हीची चिमूट-चिमूट एकत्र खलली आणि ते मिश्रण नळीत भरलं. वस्तू एकच असेल तर एकशे बावीसलाच वितळायला हवी. शंभरच्या आतच पाघळली! म्हणजे वस्तू दोन. मग खाण्याचा सोडा घेतला. आठ नंबर फसफसला — बेंझॉइक. पंधरा गप्प — बीटा नॅप्थॉल. मॅडमनी स्वतः रंगाची परीक्षा करून बघितली. लालभडक.

त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "मामा, एम.एस्सी.ला हे मी फक्त पुस्तकात वाचलं होतं."

शब्दाला शब्द लिहिलं आहे. एकोणीसपैकी एकोणीस!

२७ जानेवारी

परीक्षक श्रीगोंद्याचे. मुलं यायच्या आधी त्यांनी मनानंच तीन बाटल्या उचलल्या आणि स्वतः तपासल्या. तिन्ही बरोबर. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, नोंदीचा विषय संपला. परीक्षकांनी नव्या लेबलांवरच्या निळसर झाकेबद्दल विचारलं. सांगितलं — खळीत मोरचूद, दोन ग्रॅम, रजिस्टरला खर्ची टाकला आहे.

२८ जानेवारी

एक गोष्ट इथंही लिहिली नव्हती. अकरा तारखेला प्राचार्यांच्या खोलीतून बाहेर पडलो, तर शाळेला रसायनं पुरवणारा नगरचा रामहरी फाटकाशी उभा. म्हणाला, सगळा माल मुदत संपलेला म्हणून लिही, सेवापुस्तक कोरं राहील, नवी ऑर्डर मला, तुझा वाटा तुला. मी नाही म्हणालो नव्हतो. कळवतो म्हणालो होतो. पंधरा नंबर अडला तेव्हा दोनदा त्याचा फोन नंबर काढलाही. आज फोन केला आणि नाही म्हणालो. माझा वाटा होता बारा हजार रुपये.