भोकरीची सालं

४ फेब्रुवारी २०२४, रविवार
बबनरावांची भोकरी आज चाकणला आम्हा नवराबायकोच्या वाइनच्या शेडमध्ये उतरली. जाड सालीची, बियांची द्राक्षं — खायला आता कुणी घेत नाही. म्हणाले, "ताई, हिची वाइन करनाऱ्या तुमीच पयल्या."
पांढऱ्या वाइनसाठी रस काढला की सालं लगेच टाकतात. मी टाकणार नाही. रसातच ठेवणार! चव सालीत आहे, घरी बरण्यांमध्ये करून पाहिलंय मी. सलिल वैतागला, माल वाया जाईल म्हणाला. तासभर वाद घातला, शेवटी "कर बाई तुझ्या मनासारखं."

२० फेब्रुवारी
रंगाच्या कंपनीतली माझी शिफ्ट संपली की थेट शेड. वर तरंगणारी सालं फळीने खाली दाबायची, नाहीतर बुरशी धरते. खांदे भरून आलेत. सलिल रोज विचारतो, हा चिखल कधी संपणार?

१७ मार्च
गाळली. रंग कोऱ्या चहासारखा. सलिलने एक घोट घेतला. मग आणखी ओतून घेतली. आज फार म्हणजे फार खूश आहे मी.

२३ नोव्हेंबर
पुण्यात एका हॉटेलात पहिल्यांदाच लोकांना चाखायला दिली. सलिलने माइक घेतला. "खरं सांगू? आमची बायको सालं काढायलाच विसरली!" सगळे हसले. मीही हसले — काय करणार?
परतताना गाडी कासारवाडीला आली. मग विचारलं, असं का सांगितलंस?
"अगं, लोकांना गोष्ट लागते. चिडण्यासारखं काय आहे त्यात?"
चिडण्यासारखं काय आहे!

२ डिसेंबर
मुंबईच्या एका हॉटेलवाल्याने सगळ्या बाटल्या बुक केल्या, लेबल लागलं की नेणार. पुढच्या हंगामाचीही ऑर्डर देऊन ठेवली.

१५ डिसेंबर
लेबल छापून आलं. वाइनचं नाव — 'विसरभोळी'. मला न विचारता! खाली कपाळाला हात लावलेल्या बाईचं चित्र. सासूबाईंनी एक फ्रिजवर चिकटवलं. कौतुकानेच, त्यांना काय माहीत.
मी विसरले नव्हते हे नक्की ठाऊक असलेला माणूस एकच. त्या शेडमध्ये माझ्याशी तासभर भांडलेला. परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं. शेजारी घोरतोय आत्ता.

८ जानेवारी २०२५
कंपनीच्या लॅबमध्ये विजयश्री माझं रीडिंग पुन्हा तपासत होती. माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी. हसत म्हणाली, "मॅडम, तुम्ही विसरभोळ्या ना!" गंमतच केली तिने. मी डबा तसाच परत आणला.
रात्री सलिलला म्हटलं, पुढच्या लेबलवर खरं काय ते छाप. मी ठरवून केलंय, एवढंच. त्याने फोनमधून मानही वर केली नाही. "चूक म्हणूनच खपतंय गं ते. आता बदललं तर ऑर्डर जाईल."

९ फेब्रुवारी, रविवार
भोकरी आली. सलिल मुंबईला, हॉटेलवाल्याकडे. रस काढला आणि सालं लगेच बबनरावांच्या टेम्पोत भरून दिली, खताला. ते बघतच राहिले. टाकीत फिका रस. माझीच वाइन होती ती, खूप रडले.
संध्याकाळी सलिलचा फोन. सगळं नीट झालं ना?
म्हटलं, हो. सालं आठवणीने काढली.