हवेत काही झालं तर

६ जानेवारी

रांचीचा पेशंट विमानानं आणून सोडला. माझी पाठ मोडली! ट्रकवाला माणूस, छाती चेपलेली, घशात नळी, श्वास सगळा मशीनचा. डॉ. जीवन आणि माझं नेहमीचंच वाजलं. मी म्हणते, झोपेचं औषध जरा हलकं ठेवा, बीपी पडतंय. ते म्हणतात, "आणि वर गेल्यावर यानं नळी उपटली तर? तू धरशील हात?" धरते की! आजवर कोणी धरले?

त्याच्या बायकोला माझं पाठांतर म्हणून दाखवलं — यांना दुखत नाही, काही कळत नाही, उठल्यावर आठवणारही नाही. मग जीवननी त्यांचा प्रश्न विचारला. निघायच्या आधी प्रत्येकाच्या माणसाला विचारतात. हवेत काही झालं, हृदय थांबलं, तर किती करायचं? ती म्हणाली, "सब कुछ करो साहब." सगळे तेच म्हणतात.

विमानात पंख्यांचा आवाज एवढा की बोलणं फुकट. मी नुसते ओठ हलवते, जीवन वाचतात. आधी चिडायचे, आता शिकलेत. कारखानदाराची पोर असल्याचा एवढा तरी फायदा. कापडाच्या लूमच्या खडखडाटात कोण ओरडणार? आमच्याकडे सगळे ओठांनी बोलतात. अब्बांना तर आता कानांनी अर्धंच येतं, ओठांवरचं मात्र अक्षर सुटत नाही. घरी पाहुणे असले की अब्बा-अम्मीचं भांडणही बिनआवाजी चालतं. पाहुण्यांना वाटतं, दोघं सुपारी चघळतायत.

९ जानेवारी

अब्बांचा खोकला वाढलाय. डॉक्टरकडे चला म्हटलं तर वज्रेश्वरीला जाऊन गरम पाण्यात बसून आले. "छाती मोकळी झाली बघ." जिना चढताना तीनदा थांबले. मी बघत होते हे त्यांना कळलं, तेव्हा भिंतीचा रंग तपासायला लागले. नौटंकी!

११ जानेवारी

अब्बा ॲडमिट.

१३ जानेवारी

एक्स-रे पांढराफटक. चाळीस वर्षांचा कापसाचा भुगा आत, वरून हा न्यूमोनिया. तोंडावर घट्ट मास्क, मशीन हवा ढकलतंय. तरी दमतायत. इथले डॉक्टर म्हणाले, आमच्या हातात एवढंच. चेन्नईला न्या, तिथे रक्तच शरीराबाहेर काढून मशीनमधून फिरवतात, फुफ्फुसांना विश्रांती मिळते.

मास्क लावून विमानात नेता येत नाही. वर हवा विरळ, ऑक्सिजन पडणार, आणि तिथे दमले तर घाईघाईत नळी घालायची? म्हणजे आधी इथेच झोपवायचं, नळी घालायची, मग विमान. हे मी किती घरांना सांगितलंय! आज स्वतःच्या घरात सांगायची पाळी.

१४ जानेवारी

वळ गावच्या राहीबाई भेटायला आल्या. अम्मीची जुनी मैत्रीण, जीव लावणारी बाई, पण तोंडाला लगाम नाही. "झोपवलेला मानूस उठत न्हाय गो! आमच्या चांगदेवला असाच झोपवला व्हता." झालं! अम्मीनं हात झटकले. "नाही न्यायचं. इथेच राहू दे, डोळ्यांसमोर."

मी अम्मीवर खेकसले. मग ती रडली. मग मीही.

"उठतील ना गं?" विचारत होती. उठतील म्हटलं. काय कप्पाळ सांगणार! मी आकडे रोज बघते. या वयात, अशी फुफ्फुसं, स्टेरॉइडनी पोखरलेली हाडं.

संध्याकाळी अब्बांना सरळ सांगितलं. मास्क पारदर्शक आहे, आतले ओठ दिसतात.

"झोपवणार?"

"हो."

"कुठपर्यंत?"

"तिथे पोचून मशीन लागेपर्यंत. कदाचित पुढेही."

अब्बा म्हणाले, "ने. अम्मीला सांग, मी हो म्हटलंय. आणि लूम बंद ठेवू नका. नोमानला झोपायचा बहाणा पुरतो."

नोमान शेजारीच उभा होता. माझा भाऊ बिचारा, त्यानंही वाचलं. हसला आणि बाहेर पळाला.

१६ जानेवारी

पोचलो. आहेत.

१७ जानेवारी

काल दोन शब्दांपुढे लिहवलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

कंपनीचा नियम आहे, स्वतःच्या माणसावर ड्युटी नाही. मी नातेवाइकाच्या सीटवर. जीवन म्हणाले, "हात लावायचा नाही. काही वाटलं तर मला सांग." जिथे जन्मभर दुसऱ्यांना बसवलं तिथे मीच, पट्टा बांधून, मुकाट. नळी हॉस्पिटलमध्येच घातली होती. झोपेचं औषध चालू, पण हलकं. बीपी पडू नये म्हणून. माझाच हट्ट.

सीट पायाशी. समोर अब्बा आडवे, त्यांच्या डोक्याशी जीवन. पंखे सुरू झाले. आणि जीवननी विचारलं. मलाही विचारलं! आधी राग आला. सहा वर्षं बरोबर उडतोय, माहीत नाही का? पण माझ्या जागी रांचीची ती बाई असती तर विचारलंच असतं ना. ओरडून विचारलं, वर दोन तळवे एकावर एक ठेवून दाखवले. थांबलं तर छाती दाबू?

मला दिसत होतं काय होईल. पहिल्याच दाबाला बरगड्या. चिंचोळ्या जागेत जीवन घाम गाळतायत, अब्बा तुटतायत, आणि शेवटी हाती काहीच नाही. मी हे पाहिलंय. दोनदा.

आवाज काढवला नाही. ओठांनीच म्हटलं, कारखान्यात म्हणायचो तसं. "दाबू नका. जाऊ द्या."

जीवननी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. मग उड्डाणाआधी स्नायू सैल करायचं औषध दिलं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून पापण्यांवर पट्ट्या चिकटवल्या. तोवर अब्बांचे डोळे अर्धवट उघडे होते. सगळ्यांचेच असतात. त्याला काही अर्थ नसतो, हे पण माझं पाठांतर.

वर गेल्यावर ऑक्सिजन घसरला. माझ्या जागी रुचिका ड्युटीवर होती. नवी आहे. नळीचा फुगा वर गेल्यावर फुगतो, त्यातली हवा कमी करायची असते. माझे हात शिवशिवत होते! पण तिनं केलं, वेळेवर, नीट. जीवननी मशीनचा दाब वाढवला. आकडा सावकाश वर आला. नागपूरच्या पहिल्या नोकरीचे ते धडपडे दिवस आठवले, मीही अशीच नवी होते.

हृदय थांबलं नाही. एकदाही नाही. मी उगाच बोलले.

१८ जानेवारी

अम्मीचा फोन. "त्या डॉक्टरनं तुला काही विचारलं का गं, जाताना?" कसं कळतं हिला?

नाही म्हटलं.

२३ जानेवारी

घरी भिवंडीला परतले, नोमान चेन्नईतच थांबलाय. अब्बांचं रक्त मशीनमधून फिरतंय. झोपलेले.

अम्मी गल्लीभर सांगते, "माझ्या पोरीनं हवेतून सांभाळत नेलं." शेजारणीनं मिठाई आणून दिली. डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवला. पोरीनं काय सांभाळलं ते पोरीला माहीत!

चुकले का? नर्स म्हणून नाही. हे मी कोणासमोरही म्हणेन. मुलगी म्हणून काय, ते ठरत नाही. त्यांना विचारायला हवं होतं. नळी घालायच्या आधी ओठ मोकळे होते, लूमचं बोललो, नोमानचं बोललो. हेच राहिलं. खरं तर राहिलं नाही, मी टाळलं.

३० जानेवारी

फुफ्फुसांनी थोडी हवा घेतली म्हणे. थोडी म्हणजे किती, नोमानला सांगता येत नाही. गाढव.

५ फेब्रुवारी

रक्ताचं मशीन काढलं!! आता फक्त श्वासाचं. गळ्याला भोक पाडून नळी तिथे बसवलीय. म्हणजे तोंड मोकळं. झोपेचं औषध कमी करतायत.

अम्मी राहीबाईंकडे स्वतः जाऊन आली. काय बोलली सांगत नाही, पण चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू.

१० फेब्रुवारी

डोळे उघडले. तिथली सिस्टर नोमानला म्हणाली, पेशंट गोंधळलाय, नुसतं तोंड हलवतो. नोमान म्हणाला, गोंधळले नाहीत, तुमचा चहा पांचट आहे म्हणतायत. चहा दुसऱ्या पेशंटचा होता, रंगावरून ओळखला!

अम्मी व्हिडिओ कॉलवर तासभर बसली. खोलीत एक आवाज नाही. मी दारातून बघत होते. भांडत होते दोघं.

माझ्याशी बोलायचंय म्हणाले. मी ड्युटीचं निमित्त सांगून सटकले. भेकड!

१६ फेब्रुवारी

परत आणायचं ठरलं, २० ला. छोटं मशीन बरोबर, पेशंट जागा. आमचंच विमान, जीवनच येणार. मी आधी जाते. अम्मीनं बॅगेत अब्बांची टोपी आणि कंगवा घातला.

त्यांना आठवत नसणार. औषधानं पुसलं जातं. मीच तर सांगते सगळ्यांना.

१९ फेब्रुवारी

अब्बांनी नोमानला खुणेनं बाहेर पाठवलं. मला पायाशी उभं केलं, विमानात मी होते तिथेच. मग ओठ हलवले, सावकाश, मला नीट वाचता यावं म्हणून —

"उद्या तो डॉक्टर परत विचारेल. या वेळी दाबा म्हण."