ताईचा फ्लास्क

३ मार्च
ताईच्या पेशी मरायला तयार नाहीत! तिच्या स्तनातल्या कर्करोगाच्या गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेत आला, तेव्हापासून तो फ्लास्क मीच सांभाळते. इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसलेल्या पेशी. ते बंद केलं, म्हणजे सुकायला हव्या होत्या. उलट तळ भरून गेलाय. भिंगातून पाहिलं आणि अंगावर काटा आला.

४ मार्च
सरांचं एकच — "बाहेरून काहीतरी शिरतंय. शोध." पेशींना खाऊ घालायचं सीरम कोळशातून पुन्हा गाळलं, हार्मोनचा अंशही नको. लाल रंगाचं पोषक द्रावण ओतून दिलं — तो मेला रंगसुद्धा इस्ट्रोजेनची नक्कल करतो! प्लास्टिकमधूनही तसलंच झिरपतं, म्हणून नळ्या काचेच्या घेतल्या.

७ मार्च
वाढतायतच.

१० मार्च
द्रावणात इस्ट्रोजेन सापडलं. आम्ही न घातलेलं! म्हणजे त्या स्वतःच बनवतायत. एकीने निरोप सोडायचा, तो मिळाला की दुसरीने इस्ट्रोजेन करायला घ्यायचं, आणि सगळ्यांनी त्यावर वाढायचं. "बायांनी चूल मांडलीय," मी म्हटलं. कोणी हसलं नाही. ताईची रोजची गोळी नेमकं हेच बनवणं थांबवते. तेच औषध फ्लास्कात घातलं.

१४ मार्च
औषधालाही दाद नाही.
ताईचा फोन. "काय म्हणतायत माझ्या लाडक्या? मरतायत ना नीट?" म्हटलं, बघतेय अजून. ही गोळी लागू पडत नसेल तर तिचं काय होणार? भीती वाटते.
शेजारचा फ्लास्क माझा — गेल्या वर्षी माझ्या स्तनातून काढलेली साधी, कर्करोग नसलेली गाठ, तुलनेसाठी मीच दिलेली. त्याला इस्ट्रोजेन भरपूर मिळतं, तो वाढतो यात नवल नाही.

१५ मार्च
सर म्हणाले, तिच्या डॉक्टरांना कळवण्याआधी पेशींची ओळख पटवून घे. नमुना दिला.

१८ मार्च
ओळख तपासणारी मैत्रीण फोन न करता स्वतः आली. "अगं, या तुझ्या ताईच्या नाहीतच. तिच्या केव्हाच मेल्या. दोन्ही फ्लास्कांना एकाच नळीने द्रावण दिलंस का?"
दिलं असेन, घाईत. कसला गाढवपणा! पण ताईच्या पेशी इस्ट्रोजेनविना मेल्या, म्हणजे तिची गोळी लागू पडणार! मी तिला मिठी मारली. ती तशीच उभी राहिली.

१९ मार्च
एका थेंबातून गेल्या, रिकामी जागा बळकावून बसल्या. इस्ट्रोजेन बंद करूनही, औषधातही वाढल्या; साध्या गाठीच्या पेशी अशा वाढत नाहीत. माझ्या.
ताईला गोळीचं सांगितलं. हमसून रडली. मग मी तिच्या डॉक्टरांचा नंबर मागितला.
"आता कशाला? कोणासाठी गं?"