मापाबाहेरची पूड

हाटकेश,
१२ ऑगस्ट २००८

प्रिय दादा,

हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडून टाकली. दुपारचा डबा तसाच पडलाय. प्रयोगशाळेतले सर दोनदा विचारून गेले, सुलू, बरं वाटत नाही का म्हणून. मी आपली दर अर्ध्या तासाने उठून त्या मिठाच्या पेटीत डोकावतेय.

ती पेटी तू पाहिली आहेस. रंगवलेल्या पत्र्यावर ओरखडा काढून आम्ही तो आत ठेवतो आणि त्यावर सतत खाऱ्या पाण्याचा फवारा मारतो. तू हसून म्हणालास, आपल्या तारोडीचा आख्खा समुद्र पेटीत भरलास की! मग गावभर सांगत सुटलास, माझे भयनीचा रंग हाय, याला गंज धरनार न्हाय. बाबांशी भांडून मला कॉलेजात घातलंस तू, तेव्हा मिरवायचा हक्कही तुझाच. मलाही आतून गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू?

आमच्या रंगातली काळी पूड म्हणजे केसाहून हजारो पट बारीक कार्बनच्या नळ्या. सर ती चिमूटभर, मोजून घालतात. नीट पसरली तर पाण्याला लोखंडापर्यंत वाट मिळत नाही. जूनमध्ये तुझ्या बोटीच्या सुकाणूच्या दांड्यासाठी डबाभर रंग मी एकटीने घोटला. घरचं काम, हात आखडता कसा घेऊ? पाहुण्याच्या पानात तूप वाढावं तशी दुप्पट पूड ओतली. त्यातलाच थोडा रंग एका पत्र्याला लावून पेटीत ठेवला.

सरांच्या मापाच्या रंगाचा पत्रा अजून स्वच्छ आहे. तुझ्या डब्यातला काल खरवडला. वरून चकचकीत, पण खाली ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर गंज. पुडीच्या गुठळ्या झाल्या, त्यातून पाणी शिरलं, आणि कार्बनमधून वीज वाहते म्हणून लोखंड उलट लवकर खाल्लं गेलं. हे मी शिकले होते रे, दादा! शिकून विसरले.

काल हेच सांगायला फोन केला होता. पण तू पौर्णिमेच्या तयारीचं बोलत सुटलास, वर उरलेला रंग काशीनाथच्या बोटीच्या सुकाणूलाही लावल्याचं कौतुकाने सांगितलंस. मी नुसतं बरं म्हणून फोन ठेवला. म्हणून हे पत्र बाजाराला आलेल्या वहिनीच्या हाती देतेय.

शनिवारी नारळ खुशाल वाहा, पण बोट बाहेर काढू नकोस. काशीनाथलाही काढू देऊ नकोस. दोन्ही दांडे खरवडून बघा. भर समुद्रात सुकाणू तुटलं तर... पुढचं लिहवत नाही. गावात हसू होईल, होऊ दे. बहिणीने रंग बिघडवला असं मी स्वतः येऊन सगळ्यांसमोर सांगेन. तू फक्त किनाऱ्यावर थांब. शनिवारी मला राखी बांधायला तुझा हात हवाय.

तुझीच चुकलेली,
सुलू