केकचा पहिला तुकडा

जॉर्जिया, ऑक्टोबर १९७१

सौ. लुएला हिस,

मी, थॅडियस मॅब्री, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, चर्चचा कारभारी आणि बेचाळीस वर्षे तुझा नवरा, खरे तेच लिहितो.

रविवारी त्या गोऱ्या पोलिसाने आपली गाडी अडवली. माझ्या नातवाच्या वयाचा तो, मला म्हणाला, "ए पोरा, हात वर! हलायचं नाही." तुला मात्र त्याने मावशी म्हटले. तू चर्चसाठी केलेल्या केकचा डबा उघडलास आणि पहिला तुकडा त्याच्यापुढे धरून म्हणालीस, "अरे लेकरा, किती वाळलायस! आई जेवायला घालत नाही का?" तो हसला, "मावशी, हाताला चव आहे हो तुमच्या," म्हणाला आणि त्याने आपल्याला सोडले.

घरी मी विचारले, "मला कधी दिलास पहिला तुकडा?"

"जिवंत घरी आलात ना? मग झालं!" तू म्हणालीस. मी उरलेला केक कोंबड्यांपुढे टाकला आणि तू बहिणीकडे निघून गेलीस.

आज नववा दिवस आहे. केक हे निमित्त होते. मला हेवा वाटला तो तुझ्या जिभेचा. तीच थट्टा मी केली असती, तर त्याने बंदूक काढली असती. काळे आपण दोघेही, पण तुला बोलता आले.

'परत ये' एवढे लिहिणे मला जमत नाही, म्हणून हे पत्र न पाठवता बायबलमध्ये ठेवीत आहे.

थॅडियस मॅब्री

समक्ष हजर साक्षीदार: एक, तो पोलीस, ज्याच्याकडे मी मान वर करून पाहिले नाही. दोन, तू, जिने माझे हात थरथरताना पाहिले आणि ते आजवर कोणाला सांगितले नाही.